दरडीच्या वाडीसाठी निवारा: शेड नंतर, आधी जोतं

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पोलादपूर तालुक्यात डोंगराच्या कुशीत तुमची वाडी आहे. ३८ घरं, पावसाळ्यात वस्तीला साधारण १६० माणसं. दरडप्रवण गावांच्या यादीत नाव आहे. रेड अलर्ट आला की तलाठी आणि ग्रामसेवक येतात आणि सगळ्यांना खालच्या जिल्हा परिषद शाळेत हलवतात. मुंबईकर मंडळानं वर्गणी काढून १८ लाख रुपये उभे केले आहेत. एक विक्रेता अडीच लाखांना एक या दरानं कंटेनरची घरं देतो म्हणतो, 'एका दिवसात उभं, पन्नास वर्षं टिकणार' या हमीसह. दुसरा घुमटाच्या आकाराची तयार घरं दाखवतो. मंडळातल्या काहींचं म्हणणं, चांगले तंबू घेऊन ठेवावेत. यातलं काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मी स्थापत्य अभियंता आहे. आपत्तीनंतरचे निवारे, शाळांची आणि घरांची छपरं, हेच माझं बरीच वर्षं काम आहे, आणि त्यातलं बरंचसं कोकणात झालंय. माझं उत्तर असं: यातलं काहीही आत्ता घेऊ नका. पैसे सुरक्षित जागेवरच्या जोत्यांमध्ये घाला, जमिनीत जखडलेल्या पायांमध्ये घाला आणि बोल्टनं जोडता येणाऱ्या लोखंडी सांगाड्यांमध्ये घाला. पत्रा शेवटी. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण मंडळाच्या बैठकीत तुम्हाला ते पटवून द्यावं लागणार आहे.

काही गोष्टी जागेवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. तुमची जमीन मी पाहिलेली नाही. खाली माती किती आणि कातळ कुठे लागतो, ट्रक कुठपर्यंत येतो, शाळा नेमकी कुठे आहे, गुरं किती आहेत, यावर तपशील बदलतील. मापं मी देतोय ती बोलणीला सुरुवात करता यावी म्हणून. अंतिम आकडे जागा पाहिलेल्या इंजिनिअरकडून घ्या. पण कामांचा क्रम बहुतेक ठिकाणी हाच राहतो.

तुमचा खरा प्रश्न कुठला शेड घ्यायचा हा नाहीच. वाडीला तीन वेगवेगळ्या वेळी निवारा लागणार आहे आणि तुम्ही तिन्हींसाठी एकच वस्तू शोधताय. पहिली वेळ म्हणजे अलर्टची रात्र. एक रात्र, फार तर चार-पाच. दुसरी वेळ, देव करो आणि न येवो, पण घरं गेली किंवा राहण्यालायक उरली नाहीत तर पावसाळा संपेपर्यंतचे महिने. तिसरी वेळ पुनर्वसनाचं पक्कं घर मिळेपर्यंतची वर्षं. ही तिसरी वेळ कागदावर नेहमी छोटी असते. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. दासगावचे दरडग्रस्त त्यानंतर वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. तुमच्याच शेजारच्या तालुक्यातली गोष्ट आहे, तुम्हाला नवी नाही. म्हणून माझ्या कामात मी एक नियम पाळतो: तात्पुरता म्हणून बांधलेला निवारा दहा वर्षं वापरात राहील असं धरूनच तो आखायचा.

अलर्टच्या रात्रीसाठी नवीन काही उभं करायची गरज नसते, असलेली पक्की इमारत नीट करावी लागते. तुमच्याकडे शाळा आहे. फक्त आधी एक पाहा: शाळा स्वतः दरडीच्या वाटेवर नाही ना? दरड कोसळते ती जागच्या जागी थांबत नाही. पाण्यानं पातळ झालेला राडारोडा वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, वाटेनं खाली धावतो आणि वहाळ जिथे सपाटीला लागतो तिथे पसरतो. डोंगरापासून लांब वाटणारी शाळा वहाळाच्या तोंडाशी असेल तर ती सुरक्षित नाही. ३० जुलै २०१४ ला माळीणला १५१ माणसं गेली. तिथे घरं उभ्या कड्याला चिकटून नव्हती, उताराच्या पायथ्याशी होती. जिल्हा प्रशासनाकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तुमच्या भागाचे पाहणी अहवाल असू शकतात. तहसील कार्यालयात लेखी अर्ज करून मागा आणि शाळेचा त्यात उल्लेख आहे का ते पाहा.

शाळा जागेच्या दृष्टीनं ठीक असेल तर पहिला खर्च तिच्यावर. छपराचे ढिले हुक, पाणी साठवायची टाकी, बायकांसाठी आतून कडी लागणारी वेगळी न्हाणी आणि संडास, सौर दिवे. थोड्या पैशांत होणारी कामं आहेत, पण लोक अलर्टला घर सोडायला तयार होतात की नाही हे यांवरच ठरतं. म्हातारी माणसं आणि बाळंतिणी शाळेत जायला का नाखूष असतात ते वाडीतल्या बायकांना विचारा. बहुतेक वेळा संडासाचंच कारण निघतं. आणि गुरं. गोठ्यातली दुभती म्हैस सोडून माणूस शाळेत झोपत नाही, पहाटे परत वर जातो, आणि धोका नेमका तेव्हाच असतो. सुरक्षित जागेजवळ साधा उघडा गोठा बांधा. माझ्या मते १८ लाखांतला सगळ्यात जास्त जीव वाचवणारा खर्च तोच असेल.

आता जागेचा हिशेब. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या निकषांत मदत केंद्रात माणशी ३.५ चौरस मीटर छपराखालची जागा धरली आहे. जगभर मदतकार्यातही हाच आकडा चालतो. १६० माणसांना ५६० चौरस मीटर, म्हणजे सहा हजार चौरस फूट. शाळेच्या तीन खोल्यांत दोन रात्री दाटीवाटीनं निघतील, दोन महिने निघणार नाहीत. आणि १६० हा आकडाही पुरता खरा नाही. गणपतीत तुमच्या वाडीत किती माणसं असतात ते मोजा. चाकरमानी येतात तेव्हा वस्ती दुप्पट होते आणि गणपती भर पावसात असतात. आराखडा त्या आठवड्याचा आकडा धरून करा.

या हिशेबात विक्रेत्यांचे पर्याय घालून बघू. अडीच लाखांना एक कंटेनर म्हटलं तर १८ लाखांत सात येतात. सात कंटेनर, ३८ कुटुंबं. कोणती सात कुटुंबं, हे ठरवताना वाडीत जे भांडण होईल ते निवाऱ्याच्या कामाचा पुढचा सगळा रस्ता बंद करेल. कंटेनर वाईट वस्तू आहे असं मी म्हणत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली, त्यानंतर वाचलेल्यांना चौक गावाजवळ कंटेनरमध्ये ठेवलं आणि भर पावसात तो निर्णय बरोबरच होता. पण चौक हमरस्त्यावर आहे. खुद्द इर्शाळवाडीला गाडीरस्ताच नव्हता. मदतीची यंत्रं वर पोहोचू शकली नाहीत आणि माणसांना ढिगारा हातानं उपसावा लागला. कंटेनरला ट्रेलर लागतो, उतरवायला हायड्रा क्रेन लागते आणि दोन्ही वळू शकतील असा रस्ता लागतो. ज्या रात्री दरड पडते त्याच रात्री घाटातला रस्ताही जातो. त्यामुळे आपत्तीनंतर तुमच्याकडे कंटेनर पोहोचेल हे धरूनच चालू नका. आधी आणून ठेवला तर कोकणच्या हवेत त्याचा तळ गंजतो, दमट रात्री आत पत्र्याला पाणी सुटून अंथरूण ओलं होतं. भिंतीत थर्माकोल किंवा फोम भरलेला असेल तर आत चूल पेटवणं धोक्याचं, कारण तो पेटला की क्षणात धूर कोंडतो.

घुमट वाऱ्याला चांगला, हे खरं आहे. गोल आकारावरून वारा घसरून जातो. कच्छचे भुंगे, म्हणजे तिथली पारंपरिक मातीची घरं, गोल असतात आणि २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात ते चौकोनी दगडी घरांपेक्षा पुष्कळ चांगले टिकले. त्यामुळे घुमटाची जाहिरात अगदीच पोकळ नाही. पण भुंग्याच्या मुलखात पाऊस जेमतेम पडतो. तुमच्याकडे २२ जुलै २०२१ ला, महाड तालुक्यातली तळिये दरडीखाली गेली त्या दिवशी, वर महाबळेश्वरला २४ तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. घुमटाला वळचण नसते, पागोळ्या सरळ भिंतीवरून उतरतात आणि दारातून आत येतात. तुकड्यातुकड्यांचा घुमट सांध्यांतून गळतो. गळला की दुरुस्त करायला वाडीतला गवंडी उपयोगाचा नाही, विक्रेत्याचाच माणूस लागतो. सिमेंट भरलेलं कापड हवेनं फुगवून, पाणी मारून दिवसभरात कडक होणारे निवारेही जगात आहेत. कल्पना चांगली, पण फाटलं-तडकलं तर महाडच्या बाजारात त्याचं ठिगळ मिळत नाही.

तंबूबद्दल थोडक्यात. कोरड्या प्रदेशात, थोड्या दिवसांसाठी ठीक. जुलैच्या कोकणात चिखलावर उभा केलेला तंबू आठवड्यात आतून बुरसतो. जाड ताडपत्र्या मात्र नक्की घेऊन ठेवा, कुटुंबाला किमान एक, ४ बाय ६ मीटरची. तिचे उपयोग शेकडो आहेत.

संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था वापरते तो घडीचा निवारा मुद्दाम सांगतो, कारण त्याच्या मागचा विचार आपल्या कामाचा आहे. लोखंडी सांगाडा, वर प्लॅस्टिकची पानं, जागा १७.५ चौरस मीटर, म्हणजे ३.५ च्या हिशेबानं बरोबर पाच माणसांची. चार माणसं काही तासांत उभा करतात, सगळं खोक्यात येतं. पानं काही वर्षांत बदलावी लागतात, सांगाडा टिकतो. आपल्याला ती प्लॅस्टिकची पानं नकोत. सांगाडा आणि कवच वेगळं ठेवायचं, ही युक्ती मात्र उचलावी.

आता मी काय करीन ते सांगतो. १२ फूट बाय १६ फुटांचा एक निवारा, साधारण १७.८ चौरस मीटर, एका कुटुंबाचा. सहा खांब, दोन्ही लांब बाजूंना तीन-तीन, आठ-आठ फुटांवर. वळचणीला आठ फूट उंची. दोन्हीकडे उतरतं छप्पर, उतार तीस अंशांच्या आसपास. उतार एवढा का? पाणी पटकन जावं म्हणून, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सपाट किंवा थोड्या उताराच्या छपराला वारा वर खेचतो, तीस अंशांला ते ओढणं बरंच कमी होतं. कोकणातल्या जुन्या कौलारू घरांचे उतार उगाच तसे नाहीत.

वाऱ्याचा हिशेब इथे मांडतो, कारण शेडचं आयुष्य यावरच ठरतं. वाऱ्यासाठीचं भारतीय मानक आयएस ८७५, भाग ३. त्यात मुंबईला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, पुण्याला ३९. पोलादपूर मधे पडतं, मी ४४ धरीन. म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. उत्तर येतं चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलोचा भार. आपलं छप्पर वळचणीसह वीस-बावीस चौरस मीटर. वर खेचणारं बल ढोबळमानानं दोन टन. आणि पत्रा, पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे लोखंडी तुकडे), कैच्या (पर्लिनला खालून धरणाऱ्या तिकोनी चौकटी) मिळून छपराचं वजन? काहीशे किलो. दोन टन वर ओढतात आणि काहीशे किलो खाली धरतात. उरलेलं कुणीतरी धरायला हवं, आणि ते काम जमिनीतल्या काँक्रीटचं आहे.

प्रत्येक खांबाखाली दीड फूट बाय दीड फूट, अडीच फूट खोल खड्डा काँक्रीटनं भरला तर एकाचं वजन साडेतीनशे किलोच्या वर जातं. सहा खांबांचे मिळून दोन टनांच्या वर. म्हणूनच जोतं आणि पाये आधी, असं मी सुरुवातीला म्हणालो. काँक्रीटला पकड यायला दिवस लागतात, पूर्ण ताकद यायला २८ दिवस. आपत्तीच्या दुसऱ्या दिवशी, कोसळत्या पावसात, ते होत नाही. मग लोक खांब नुसते मातीत गाडतात आणि पुढच्या वाऱ्यात शेड उडतो. पाये मे महिन्यातच तयार असतील, त्यांतून बोल्ट वर आलेले असतील, तर वरचा सांगाडा सहा माणसं दिवसभरात उभा करतात. 'एका दिवसात उभं' या विक्रेत्याच्या वाक्यात असा आधीचा एक महिना लपलेला असतो. जागेवर कातळ लागला तर खड्डा शक्य नाही. तिथे ड्रिल करून सळ्या आत बसवायच्या आणि भोवती ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरायचं. तसे बोल्ट ओढून तपासून घ्या.

त्याच मानकात तात्पुरत्या बांधकामासाठी कमी वेग धरायची सवलत आहे. मी ती घेत नाही. कारण वर दासगावच्या निमित्तानं आलंच आहे.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं, तेव्हा म्हसळ्यापासून माणगावपर्यंत उडालेली छपरं मी बघत हिंडलो. दोन प्रकार पुन्हापुन्हा दिसले. एकात स्क्रू पर्लिनमध्ये जागच्या जागी घट्ट आणि त्याच्याभोवती पत्रा गोल फाटून गेलेला. म्हणजे स्क्रू चांगला होता, पण पत्रा पातळ आणि वॉशर लहान. दुसऱ्यात पत्रा, पर्लिन, स्क्रू सगळं एकत्र, एकसंध शेजारच्या वाडीत जाऊन पडलेलं. त्यात पर्लिन खालच्या कैचीला बाइंडिंगच्या तारेनं बांधलं होतं. वरून सगळं मजबूत आणि मधली एक कडी तारेची. वारा पत्र्याला ओढतो, पत्रा पर्लिनला, पर्लिन कैचीला, कैची खांबाला, खांब पायाला. यातली सगळ्यात कच्ची कडी जेवढी, तेवढंच छप्पर मजबूत. तुमच्या फॅब्रिकेटरला प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून विचारा: हा सांधा वर ओढला तर कशानं धरलाय?

तपशिलातल्या काही गोष्टी. पत्रा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ घेऊ नका. कडा, कोपरे आणि आढ्याजवळ स्क्रू दुप्पट, कारण ओढणं तिथेच सर्वात जास्त असतं. खांबांच्या मधे आणि छपराच्या पातळीत तिरकस पट्ट्या हव्यातच. त्या नसतील तर सांगाडा उभा असताना छान दिसतो आणि वाऱ्यात कलंडतो. आणि पडवी. कोकणात पडवीशिवाय घर चालत नाही, ओलं सगळं तिथेच वाळतं. पण मुख्य छप्पर तसंच लांबवून पडवी काढू नका. लांब वळचणीखाली वारा शिरतो आणि सगळं छप्पर उचलतो. वळचण दीड फुटावर थांबवा, पडवीचं छप्पर वेगळ्या चौकटीवर घ्या. मोठ्या वाऱ्यात गेलीच तर पडवी जाईल, घर राहील.

सांधे वेल्डिंगचे नकोत, सगळे बोल्टचे. निसर्गनंतर कित्येक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. वेल्डिंग मशीन कशावर चालवणार? बोल्ट एकाच मापाचे, १२ मिलिमीटरचे, म्हणजे दोन पान्यांत काम होतं. प्रत्येक तुकड्यावर रंगानं आकडा. एकही तुकडा दोन माणसांना उचलता येणार नाही एवढा जड नको, कारण तो बायकांनाही उचलावा लागेल. जुलैमध्ये वाडीत तरुण पुरुष किती असतात ते तुम्हाला माहीत आहे. गंजाला फक्त रंगावर अवलंबून राहू नका, गॅल्व्हनाइज केलेला, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पाइप घ्या. थोडा महाग पडतो, पण ढिगात दहा पावसाळे काढायचेत.

भिंती सांगाड्याबरोबर उचलून ठेवायची गरज नाही. पहिल्या दिवशी ताडपत्री. नंतर कारवीचे कूड, आतून-बाहेरून मातीनं लिंपलेले. तुमच्या डोंगरात कारवी आहे, ते काम येणारी म्हातारी माणसंही असतील. कूड हलका असतो, आत गारवा राहतो, आणि पडला तरी माणूस दबून मरत नाही. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात बहुतेक माणसं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि मातीच्या जड धाब्यांखाली मेली. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ चा, तुमच्यापासून फार लांबचा नाही. म्हणून पुढे कुणाला जांभ्याच्या चिऱ्याची भिंत घालायची असेल तर ती खिडकीच्या उंबऱ्यापर्यंतच, वर काँक्रीटचा पट्टा आणि तो खांबांना बांधलेला. त्याच्या वर हलकंच काहीतरी. जोतं सुरुवातीलाच खांबांच्या बाहेर फूटभर काढून ठेवलंत तर असं हळूहळू घर होऊ शकतं. तात्पुरता निवारा मोडून पक्कं घर बांधायचं तर लोखंड, पत्रा, जोतं सगळं वाया जातं. इथे तसं होत नाही.

एवढं सगळं ३८ कुटुंबांना १८ लाखांत होईल का? एका फेरीत नाही. मी असा क्रम लावीन: पहिल्या वर्षी जागेची पाहणी, शाळेची दुरुस्ती, गोठा, पाणी, संडास आणि जमतील तेवढी जोती. सांगाडे सुरुवातीला आठ-दहा, त्यातही आधी अगदी वहाळाकाठच्या आणि कड्याखालच्या घरांसाठी. कुठली घरं ते पाहणीतल्या धोक्यावर ठरू द्या. सात कंटेनरांवरून होणारं भांडण त्यानं टळतं. पुढच्या मे महिन्यात पुढचे सांगाडे. जोत्यांमध्ये दोन मीटरपेक्षा कमी अंतर ठेवू नका, शक्यतो शेडच्या उंचीच्या दुप्पट ठेवा. आग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून.

जागेच्या कागदांत लोक सगळ्यात जास्त अडकतात. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. खाजगी असेल तर मालकाशी नोंदणी केलेला करार, निदान पंधरा वर्षांचा, तोंडी शब्दावर नाही. वनखात्याची असेल तर नाद सोडा, दुसरी बघा. सातबारा आत्ता काढा, जून उजाडल्यावर नाही. आणि जागा एकदा भर पावसात जाऊन पाहा. उन्हाळ्यात सुंदर सपाट दिसणारा माळ जुलैत तळं असू शकतो.

सांगाडे ठेवून दिले की विसरले जातात. ओडिशाचा अनुभव इथे कामाचा आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर चक्रीवादळ निवारे बांधले आणि बरेचसे शाळा म्हणून वापरात ठेवले. रोज वापरलेल्या इमारतीचं छप्पर गळलं तर त्याच आठवड्यात कळतं. २०१३ ला फायलिन चक्रीवादळ आलं तेव्हा लाखो लोकांना हलवता आलं आणि जीवितहानी फारच कमी झाली. तुम्हीही एक सांगाडा कायमचा उभा करून ठेवा आणि तिथे अंगणवाडी, बचत गटाची बैठक, लग्नाचा स्वयंपाक, काहीही होऊ द्या. बाकीचे मे महिन्यात, चाकरमानी गावी आलेले असतात तेव्हा, एकदा उभे करून परत उतरवा. त्यात बायका आणि शाळेतली मोठी मुलं असलीच पाहिजेत. हरवलेला बोल्ट तेव्हा सापडतो, जुलैत सापडत नाही. भांडाराची किल्ली दोघांकडे, त्यातलं एक घर खालच्या अंगाचं.

आतापर्यंतचं एका दमात: आधी जागा, मग शाळा आणि गोठा, मग जोती आणि पाये, मग बोल्टचे सांगाडे, पत्रा आणि ताडपत्री साठ्यात, भिंती मागाहून.

विक्रेत्यांना मंडळाच्या बैठकीला बोलावणारच असाल तर त्यांना हेच विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या. वाऱ्याचा कोणता वेग धरून आखलंय? जमिनीला कशानं जखडणार, आणि तो खर्च अडीच लाखांत धरलाय का? सगळ्यात जड तुकड्याचं वजन किती? रस्ता बंद असताना क्रेनशिवाय उभं होतं का? भिंतीत काय भरलंय आणि ते पेटतं का? पाच वर्षांनी एक पत्रा फाटला तर तो महाडच्या बाजारात मिळेल का? पन्नास वर्षांची हमी कुठल्या भागाची आहे, रंगाची, सांध्यांची की फक्त सांगाड्याची?

आणि पैसे देण्याआधी, या पावसाळ्यात डोंगरावर लक्ष ठेवायला वाडीतली चार माणसं नेमा. जमिनीला नव्या भेगा, कललेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा, भर पावसात आटलेला वहाळ, विनाकारण अडकणारी दारं. यातलं काहीही दिसलं तर अलर्टची वाट न पाहता खाली उतरा, मग शाळेचा संडास तयार असो वा नसो. जागेचा सातबारा, वहाळाचे दोन-चार फोटो आणि शाळा ते वाडी हे अंतर पाठवलंत तर जोती कुठल्या बाजूला घ्यावीत ते मी आणखी नेमकं सांगू शकेन.